सम्प घराबाहेर ठेवायचा तर

मंडळी, नमस्कार. समुद्री टँक दिवाणखान्यात आणि त्याचा सम्प (म्हणजे टँकचं पाणी उतरून गाळलं जातं ती जोडटाकी), स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र), पाणी टँकमध्ये परत चढवणारा रिटर्न पंप, हीटर हे सगळं भिंतीपलीकडे बाहेरच्या खोक्यात, अशी मांडणी आज आपल्याला समजून घ्यायची आहे. थंड देशांतले हौशी लोक ती गॅरेजमध्ये किंवा घराला लागून बांधलेल्या छोट्या शेडमध्ये करतात. तिथे हिवाळाभर खिडक्या बंद असतात. टँकची वाफ भिंतींवर ओल धरते, पंपाची घरघर झोपू देत नाही आणि कोंडलेल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. स्किमरला बाहेरची ताजी हवा मिळाली की पीएच पुन्हा वर येतो. हा फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आपल्याकडे मला विचारतात, "दादा, मे महिन्याच्या उन्हाचं समजलं, पण खान्देशात थंडीची कसली चिंता?" डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा अनेकदा ८ अंशांच्या खाली जातो. सातपुड्यात तोरणमाळ-डाबकडे कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठतं. आणि आपल्या टँकमधल्या क्लाउनफिशला आणि प्रवाळांना पाणी हवं २४ ते २७ अंशांचं. म्हणजे रात्री आत-बाहेर सोळा-सतरा अंशांचा फरक पडतोच.

आता थोडा हिशेब करू, कारण अंदाजाने हीटर घेणारे लोक मी फार पाहतो. १०० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा काचेचा सम्प धरा. पाणी २६ अंश, बाहेर १०. काच उघडी असेल तर वारा नसतानाही पावणेतीनशे वॉटच्या आसपास उष्णता निघून जाते. त्याच सम्पला सहाही बाजूंनी दोन इंची थर्माकोल लावा, आकडा पंचवीस वॉटच्या आत येतो. आता हाच सम्प बाहेर उणे २० असलेल्या गावी नेऊन ठेवा. उघडा असेल तर आठशे वॉट, थर्माकोलमध्ये सत्तर. उणे वीसमधला झाकलेला सम्प आपल्या जळगावातल्या उघड्या सम्पापेक्षा कमी वीज खातो! म्हणून मी सांगतो, हीटर घ्यायच्या आधी थर्माकोल घ्या.

थर्माकोलच्याही आधी झाकण. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की जाताना ते पाऊण युनिटला थोडी कमी एवढी उष्णता घेऊन जातं. हिवाळ्यातली आपली हवा कोरडी असते. रोज चार लिटर उडालं तर पावणेतीन युनिट तिथेच गेले. स्किमर थंड हवा ओढतो म्हणून लोक घाबरतात. तासाला ५०० लिटर हवा ओढणारा स्किमर पाण्यातून दहा-बारा वॉटच काढतो. त्याची नळी खुशाल बाहेर काढा, तोंडाला फक्त जाळी बांधा, नाहीतर कुंभारमाशी घर करते.

हे झाकण सम्पाच्या तोंडावरच बसलं पाहिजे, शेडच्या छताच्या भरवशावर राहू नका. उबदार वाफ वर जाऊन गार पत्र्याला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा सम्पात पडतात. पत्रा जीआयचा असेल तर त्यावरचं जस्त पाण्यात उतरतं. एसीचा मेकॅनिक आला की तो तांब्याची कॉइल किंवा पितळी व्हॉल्व्ह सुचवेल. त्याला तिथेच थांबवा. तांब्याचा अंश माशांना एक वेळ सोसेल, पण प्रवाळ आणि कोळंबी त्यात मरतात. त्याच्याकडचा काळा नायट्राइल फोम मात्र आवर्जून मागून घ्या, पाइपांना तो उत्तम. उंदीर थर्माकोल आणि फोम दोन्ही कुरतडतात, त्यामुळे वरून प्लायचं किंवा फायबरच्या शीटचं कवच हवंच. पीव्हीसी पाइपही उन्हात उघडा ठेवू नका, दोन-चार उन्हाळ्यांत तो ठिसूळ होतो.

वाऱ्याचं रावेर-यावलच्या शेतकऱ्याला सांगायला नको. केळीच्या बागेला तो चारी बाजूंनी शेवरी किंवा गजराज गवत लावतो, थंडीच्या रात्री विहिरीचं पाणी सोडतो. तीच अक्कल इथे वापरा. शेड उत्तरेच्या मोकळ्या बाजूला नको, घराच्या भिंतीला टेकून हवी. भिंतीतून जाणारा पाइप जितका आखूड तितका बरा.

पाणी टँकपासून दूर साठवण्याचा हा विचार जुना आहे. विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी १८६४ मध्ये हँबुर्गला आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मत्स्यालयं उभारली. टाक्यांमधल्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी त्यांनी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात ठेवलं आणि ते सतत फिरवलं. त्यामुळे वरचं तापमान स्थिर राहिलं. आपल्यासाठी यात एक मोठी सोय आहे. जमिनीत खोल गेलं की मातीचं तापमान वर्षाच्या सरासरीजवळ स्थिरावतं आणि जळगावची ती सरासरी २७ अंशांच्या आसपास आहे. प्रवाळांना हवं तेच! ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी सम्प खड्ड्यात उतरवण्याचा विचार जरूर करावा. पण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. विटांचा हौद ती फोडते. आरसीसीचा हौद, भोवती मुरूम, आणि पावसाचं पाणी आत येणार नाही असा उंच काठ. एवढं करायची तयारी नसेल तर खड्डा खणू नका.

गोठण्याबद्दल थोडं. तोरणमाळला घर असेल किंवा पोरगा कॅनडात टँक करत असेल तर त्याला कळवा. खारं पाणी उणे १.९ च्या सुमाराला गोठतं, पण टॉप-अपचं, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर घालायचं आरओ पाणी शून्यालाच गोठतं आणि गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. आधी फुटते ती टॉप-अपची बारीक नळी. टॉप-अपच्या पाण्याचा कॅन घरातच ठेवावा. पाइपांना असा उतार द्यावा की पंप थांबला तर पाणी आत साचून न राहता सम्पात परत यावं.

आणि पंप थांबतोच, कारण लाइट जाते. पहाटे चारला लाइट गेली, सम्पात दीडशे लिटर पाणी आहे आणि तो उघडा आहे, तर ते तासाला दीड अंशाने उतरतं. थर्माकोलमध्ये एक अंश उतरायला सात-आठ तास लागतात. मोठ्या एका हीटरऐवजी दोन लहान घ्या, एक सम्पात, एक घरातल्या टँकमध्ये, दोन्ही वेगळ्या तापमान कंट्रोलरवर. इन्व्हर्टरवर हीटर चढवू नका. त्यावर आधी टँकमधला पॉवरहेड, म्हणजे पाणी फिरवणारा छोटा पंप ठेवा, म्हणजे माशांना ऑक्सिजन मिळत राहील. बाहेरच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, यात तडजोड नाही.

शेड बांधून झाली की नोव्हेंबरातच एका रात्री पंप मुद्दाम बंद करा. टँकमधून किती पाणी खाली येतं ते पाहून सम्पावर मार्करने खूण करा, आणि सकाळी दोन्ही ठिकाणचं तापमान लिहून ठेवा. आता ज्यांनी घराच्या भिंतीचे फोटो आणलेत त्यांनी पुढे या, भोक कुठे पाडायचं ते बघू.