गिब्ज रोडवरचा खून आणि इंदूरची गादी

12 जानेवारी 1925. संध्याकाळी साडेसातचा सुमार. मलबार हिलच्या गिब्ज रोडवरून एक मोटार चाललीय. आत अब्दुल कादर बावला, मुंबईतला तरुण, गडगंज व्यापारी. सोबत मुमताज बेगम.

मागून दुसरी मोटार येते आणि धडकते. उतरलेल्या माणसांना हवी आहे मुमताज. तिला ओढून नेण्याच्या झटापटीत गोळ्या सुटतात. बावला कोसळतो. मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार होतात.

बेत फसतो तो एका चुकलेल्या वळणामुळे. विलिंग्डन क्लबात गोल्फ खेळून परतणारे काही गोरे लष्करी अधिकारी रस्ता चुकतात आणि नेमके इथे येऊन पोचतात. लेफ्टनंट सेगर्टच्या हाती काय, तर गोल्फची काठी! तीच उगारून तो पिस्तुलवाल्यांवर तुटून पडतो. स्वतः गोळ्या खातो, पण मुमताज सुटते आणि हल्लेखोर सापडतात. बावला मात्र वाचत नाही.

तपास थेट इंदूरला जाऊन पोचला. होळकरांच्या संस्थानात.

मुमताज ही इंदूर दरबारातली नर्तकी, महाराजा तुकोजीरावांच्या मर्जीतली. पण ती तिथे राहायला तयार नव्हती. मसुरीला नेत असताना दिल्लीच्या स्टेशनावर ती उतरली, ती परत गेलीच नाही. मुंबईच्या कोर्टात तिने हे सगळं सांगितलं. आपल्या तान्ह्या मुलीला मारून टाकल्याचा आरोपही तिने केला. राजवाड्याच्या आतली गोष्ट एक बाई भर कोर्टात बोलतेय, हे त्या काळी केवढं होतं! साक्षी रोज छापून येत होत्या आणि लोक त्या चवीने वाचत होते. चवीनेच म्हणायला हवं. कळवळ्यापेक्षा कुतूहल जास्त होतं.

आरोपी नऊ. त्यांपैकी इंदूरच्या फौजेतले आनंदराव फणसे यांचे वकील होते बॅरिस्टर जिना. मे महिन्यात न्यायमूर्ती क्रम्प यांनी तिघांना फाशी सुनावली, काहींना जन्मठेप.

पण माणसं पाठवली कोणी? हा प्रश्न त्या कोर्टात सुटणारा नव्हता. संस्थानिकाला मुंबईच्या न्यायाधीशापुढे आरोपी म्हणून उभं करता येत नव्हतं. मग सरकारने तुकोजीरावांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. आयोग म्हणजे पुन्हा साक्षी, पुन्हा छापून येणं. 26 फेब्रुवारी 1926 रोजी त्यांनी गादी सोडली. मुलगा यशवंतराव तेव्हा 17 वर्षांचा. तुकोजीरावांवर गुन्हा कधीच शाबीत झाला नाही. तो शाबीत करायला कुणी बसलंही नाही. सरकारचं काम चौकशीशिवायच झालं होतं.

‘कोहिनूर’ कंपनीने तर 1925 सालीच या प्रकरणावरून ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढून टाकला होता.

आणि 1928 मध्ये तुकोजीराव पुन्हा पहिल्या पानावर आले. नॅन्सी मिलर नावाच्या अमेरिकन तरुणीशी त्यांचं लग्न ठरलं होतं. नाशकात तिला हिंदू धर्माची दीक्षा मिळाली, नाव ठेवलं शर्मिष्ठा. आता वाद पेटला तो निराळाच: ही सून धनगर समाजात घ्यायची की नाही?