आपण बांधलेला डोळा आपणच सोडावा

(वरूड तालुक्यात कृषी पदविकेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पोरहो, तुमच्या सरांनी मला अनुभवावर बोलायला सांगितलं. पण निव्वळ वर्षं मोजून काही होत नाही बाप्पा. जन्मभर पन्हेरीत, म्हणजे कलमांच्या रोपवाटिकेत, राबून हात कच्चाच राहिलेली माणसं मी पाहिली, अन् दोन-तीन हंगामांत तयार झालेल्या बायाही पाहिल्या.

संत्र्याचा डोळा भरून कलम बांधायचं काम तुम्ही वहीत लिहिलंच असेल. जंभेरीचा नाहीतर रंगपूर लिंबाचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते रोप, पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून साधारण 9 इंचांवर टी आकाराची चीर द्यायची, साल उचलायची, डोळकाडीवरचा, म्हणजे संत्र्याच्या झाडाच्या काढलेल्या फांदीवरचा, ढालीसारखा कापलेला डोळा आत सरकवायचा अन् पट्टी बांधायची. झालं. पण वाफ्याला पाण्याचा ताण पडला असेल तर साल सुटत नाही, ओढली की फाटते. त्या दिवशी डोळे भरायचेच नाहीत, आधी पाणी द्यायचं, हे पहिल्या दोन-चार चिरांतच हाताला कळायला हवं.

ते कळतं कसं? आमच्याकडे मजुरी शेकडा डोळ्यांवर. हात जितका चालेल तितका पैसा. बांधणारा आज इथं, उद्या दुसऱ्याच्या पन्हेरीत. दोन-तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडतो भलताच कोणी. कोणता डोळा हिरवा राहिला, कोणता काळा पडला, हे बांधणाऱ्याला दिसतच नाही. मग त्यानं हजारो बांधले तरी तो शिकणार कशातून? वेग वाढतो, इतकंच. ज्या बाया लवकर तयार झाल्या, त्या स्वतः बांधलेली ओळ स्वतः सोडत. मेलेला डोळा उचकटून पाहत: आत पाणी गेलं, पट्टी ढिली राहिली, की डोळकाडीच सुकलेली होती?

अन् काही चुका पन्हेरीत दिसतच नाहीत. डोळा फार खाली भरला, तरी कलम दिसायला झकास. पुढं काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत जोड मातीला टेकला की बुंध्याला डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळायचा रोग, लागतो. खुंट त्यामानानं दम धरतो, पण संत्र्याची साल फायटोप्थोरा या रोगजंतूपुढं टिकत नाही. हे कळेस्तोवर झाड बहाराला आलेलं असतं. म्हणून पन्हेरीवाल्यानं गिऱ्हाइकाच्या बगिच्यात जावं, शिव्या खायला लागल्या तरी. बरेच जण हे टाळतात. मला तो आळस वाटत नाही, भीती वाटते.

एकानं मघाशी विचारलं, मजूर परत येऊन फुकट पट्ट्या कशाला सोडेल? बरोबर आहे, फुकट कोणी येऊ नये. मेलेल्या डोळ्यांचे पैसे कापणंही मला पटत नाही; डोळकाडी मालकाची, पाणी मालकाचं, मग भुर्दंड मजुराला काहून? मी बांधणाऱ्यालाच सोडायला बोलावतो, अन् त्या दिवसाचा रोज वेगळा देतो.