पाऊस शून्य, की खबरच नाही?

(दृश्य: भिडे पूल पाण्याखाली. नदीपात्रातला रस्ता बंद. आभाळ मोकळं.)

डेक्कनला पाऊस थांबलाय. छत्र्या मिटल्यात, भजीच्या गाड्यावर गर्दी आहे. भिडे पूल मात्र पाण्याखाली. पुणेकराला याचं नवल नाही. हे पाणी वरचं आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत ही धरणं आणि त्यांच्या खाली खडकवासला. शिवाजीनगरला वर्षाकाठी साधारण 700-750 मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला 50-60 किलोमीटरवर, घाटमाथ्यावर, त्याच्या कित्येक पट. मुठा नदीला किती पाणी येणार हे तिकडे ठरतं. आणि तिकडे आषाढातल्या रात्री मोजपट्टी घेऊन कोण बसणार?

(दृश्य: घाटमाथा. धुकं. तारेच्या कुंपणात एक खांब, पत्र्याची पेटी, सौर पॅनेल.)

ही पेटी बसते. आत डेटा लॉगर, शेजारी पर्जन्यमापक. झाकण काढलं की दिसतं ते साधं यंत्र: नरसाळं आणि त्याखाली मधोमध टेकू दिलेली, दोन कप्प्यांची छोटी बादली. एक कप्पा भरला की बादली कलंडते, पाणी सांडतं, दुसरा कप्पा धारेखाली येतो. कलंडताना बादलीवरचं चुंबक एका स्विचसमोरून सरकतं. टिक. नरसाळ्याचा व्यास 200 मिलिमीटर आणि बादली दर 0.2 मिलिमीटर पावसाला कलंडणारी असेल, तर एका टिकेमागे असतं सहा मिलिलिटरच्या आसपास पाणी. चहाचा सव्वा चमचा. लॉगर टिका मोजतो आणि वेळेसकट लिहून ठेवतो.

मोजणं झालं. आता हे आकडे पुण्यात आणायचे.

दरीत रेंज नसते. मग पेटीतला छोटा रेडिओ 865 ते 867 मेगाहर्ट्झवर, म्हणजे आपल्याकडे परवाना न लागणाऱ्या पट्ट्यात, समोरच्या डोंगरधारेवरच्या दुसऱ्या खांबाशी बोलतो. त्या खांबाला मोबाईल टॉवर दिसतो. जिथे असा खांबही रोवता येत नाही, तिथे उपग्रह. हवामान खात्याच्या अनेक स्वयंचलित केंद्रांचे आकडे इन्सॅटवरून येतात. (जुन्नरकडे काम निघालं तर गोष्ट वेगळी. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशाकडे कान लावून बसल्यात. तिथे रेडिओ लावण्याआधी विचारलेलं बरं.)

पूर्वी कार्यालयातला मोडेम लॉगरला फोन लावायचा आणि आकडे ओढून घ्यायचा. आता साध्या डेटा सिमला बाहेरून हाक मारता येत नाही. कंपनीच्या जाळ्यात अनेक सिम एकाच इंटरनेट पत्त्याआड असतात. त्यामुळे ठरल्या वेळी लॉगरनेच सर्व्हरला गाठायचं. आणि त्याने नाही गाठलं, तर?

(दृश्य: पुण्यातलं कार्यालय. पडद्यावर आलेख. एक रेघ तळाशी सपाट.)

ही सपाट रेघ नीट बघा. पाऊस नाही म्हणून सपाट, की निरोप नाही म्हणून? निरोप न आल्याची जागा सर्व्हरने शून्याने भरली, तर पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पावसाळ्यातला हा सगळ्यात वाईट आकडा. चुकीचा आकडा एकवेळ शंका तरी निर्माण करतो. शून्य कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

जुन्या उपकरणवाल्यांनी हे केव्हाच ओळखलं होतं. पाणीपातळीचे कितीतरी सेन्सर 4 ते 20 मिलिअँपिअर विजेच्या प्रवाहात बोलतात. पातळी शून्य असली तरी तारेतून 4 येतात. खरोखर 0 आले, तर तार उंदराने कुरतडलीय. पेटीकडूनही तेच हवं: पाऊस असो-नसो, दर तासाला निरोप, आणि त्यात बॅटरीचा व्होल्टेज.

व्होल्टेज का? कारण ढग आठवडाभर हटत नाहीत आणि पॅनेल उपाशी राहतं. लॉगर झोपेत नगण्य वीज खातो. मोडेम मात्र टॉवर शोधताना क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढतो, आणि रेंज जितकी कमजोर तितका जोर लावतो. म्हणजे पाऊस सर्वांत जास्त, तेव्हा बॅटरी सर्वांत थकलेली. व्होल्टेज रोज थोडा थोडा उतरताना दिसला, तर पेटी गप्प होण्याआधी बॅटरी बदलता येते. मोडेम बंद पडला तरी लॉगरकडे नोंदी असतात, रेंज आली की मागच्या वेळांसकट येतात. फक्त घड्याळ बरोबर हवं. दिवसाला पावणेदोन सेकंद चुकणारं घड्याळ वर्षात दहा मिनिटं मागे पडतं.

(दृश्य: खांबाजवळ गावातले एक काका, डोक्यावर इरलं.)

आणि सगळं ठीक असूनही शून्य येतं. निरोप वेळेवर, व्होल्टेज उत्तम, शेजारच्या दोन केंद्रांवर धो धो पाऊस, इथे काही नाही. मग कार्यालयातून काकांना फोन जातो.

“काका, जरा पेटीकडे बघता का?”

“बघितलं ताई. जाळीवर पानं बसलीत, नरसाळं काठोकाठ भरलंय. काढू का?”

“काढा, पण किती वाजता काढली ते सांगा.”

कारण पानं निघाली की तुंबलेलं सगळं पाणी एकदम बादलीत उतरतं, आणि आलेखावर पाच मिनिटांत ढगफुटी दिसते. काकांनी सांगितलेली वेळ त्या आकड्यांशेजारी लिहिली जाते आणि तेवढ्या टिका बेरजेतून बाजूला काढल्या जातात.