हल्ला करणारा कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

एक मथळा वाचून दाखवतो. ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला.’ चार शब्द. अशा धर्तीचा मथळा आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचला आहे. शाळेत व्याकरणाच्या तासाला कर्ता ओळखायची एक युक्ती सांगायचे, आठवतं? धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण’ विचारायचं. इथेही तसंच विचारून बघा. हल्ला करणारा कोण? मथळा गप्प आहे. जिच्यावर हल्ला झाला ती आहे, हल्ला आहे, आणि हल्ल्याचं कारण म्हणून प्रेम आहे. ज्यानं हात उगारला, तो माणूस तेवढा वाक्यात कुठेच नाही.

हा मथळा मी लिहिला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो तेव्हा. पान सुटायला वीस मिनिटं उरली होती आणि बातमीदारानं पोलिसांकडून आलेला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा दिला होता. त्यात ‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द तयारच होते. दोन कॉलमांत चपखल बसत होते. मी ते उचलले, वर चढवले आणि पुढच्या बातमीकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात फोन आला. त्या मुलीची आई बोलत होती. आवाज चढलेला नव्हता, हे मला आजही आठवतं. त्या म्हणाल्या, “साहेब, तो मुलगा चार महिने तिच्या मागावर होता. तिनं दोनदा नाही म्हणून सांगितलं. रस्ता बदलला, फोन नंबर बदलला. यात प्रेम कुठून आलं? आता शेजारपाजारचे विचारतात, तुमच्या मुलीचं काही होतं का म्हणून.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मथळ्यात खोटं असं काहीच नव्हतं. ‘एकतर्फी’ हा शब्दसुद्धा होता. पण वाचणाऱ्याच्या मनात प्रेम हा शब्द राहिला आणि एकतर्फी गळून पडला. पाठलाग, धमकी, दहशत या सगळ्यावर एका शब्दानं पांघरूण घातलं. शेजाऱ्यांनी जो प्रश्न विचारला तो त्यांना सुचला नव्हता, माझ्या मथळ्यानं तो त्यांच्या हाती दिला होता.

माध्यमं लोकमत घडवतात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अग्रलेख येतात, वाहिन्यांवरचे वाद येतात. तिथे निदान समोरचा मत मांडतोय हे कळत असतं, त्यामुळे आपण सावध असतो. मला जास्त काळजी वाटते ती साध्या, सरळ, रोजच्या बातमीची. तिथे आपण पहारा सोडून बसलेले असतो.

माध्यमांचा प्रभाव नेमका कुठे पडतो, हे शोधायचा एक गाजलेला प्रयत्न १९६८ साली अमेरिकेत चॅपल हिल या गावात झाला. मॅक्सवेल मॅककोम्ब्ज आणि डोनाल्ड शॉ या दोन अभ्यासकांनी मत पक्कं न झालेल्या शंभर मतदारांना विचारलं, तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचे प्रश्न कोणते? मग त्याच काळातल्या बातम्या मोजल्या. माध्यमांनी ज्या प्रश्नांना जितकी जागा दिली होती, जवळपास त्याच क्रमानं ते प्रश्न लोकांना महत्त्वाचे वाटत होते. म्हणजे कशाबद्दल विचार करायचा, याची यादी बऱ्याच अंशी बातम्यांतून येते. १९७२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर त्याची री ओढणारे शेकडो अभ्यास झाले. पण मला त्याच्या पुढची पायरी महत्त्वाची वाटते. विषय ठरला, आता दोष कुणाचा?

शांतो अय्यंगार या राज्यशास्त्रज्ञानं ऐंशीच्या दशकात प्रयोग केले. काही प्रेक्षकांना गरिबीवरची बातमी एका माणसाच्या कहाणीतून दाखवली. कुणाची नोकरी गेली, कुणाचं घर थंडीत गारठलंय. दुसऱ्या गटाला तोच विषय व्यापक चित्र म्हणून दाखवला. बेकारी किती वाढली, सरकारी मदत किती कमी झाली. मग दोन्ही गटांना विचारलं, गरिबीला जबाबदार कोण? व्यापक चित्र पाहिलेल्यांनी समाजाकडे, सरकारकडे बोट दाखवलं. एका माणसाची कहाणी पाहिलेल्यांचा कल मात्र त्या माणसालाच जबाबदार धरण्याकडे झुकला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हादरलो होतो. कारण आम्हा पत्रकारांना पहिल्या दिवसापासून शिकवतात की बातमीला माणसाचा चेहरा द्या, आकडे कुणी वाचत नाही. आणि ते खरंही आहे. पण नुसता चेहरा दिला की पाहणारा त्या चेहऱ्यातच कारणं शोधू लागतो. यानं शिक्षण का सोडलं? हिनं इतकी मुलं का होऊ दिली? कारखाना का बंद पडला, हा प्रश्न चौकटीच्या बाहेरच राहतो. म्हणून मला वाटतं, कहाणी सोडायची नाही, पण तिच्याबरोबर कारखान्याबद्दलची दोन वाक्यं यायलाच हवीत. जागा नसेल तर विशेषणं कापावीत.

छायाचित्रांचंही असंच. मार्टिन गिलेन्स या अभ्यासकानं १९८८ ते १९९२ या काळातली अमेरिकी वृत्तसाप्ताहिकं चाळून त्यातली गरिबांची छायाचित्रं मोजली. त्यांतले ६२ टक्के चेहरे कृष्णवर्णीयांचे होते. प्रत्यक्षात देशातल्या गरिबांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण होतं २९ टक्के. एकेक छायाचित्र पाहिलं तर खरंच होतं, कुणी बनाव केला नव्हता. पण सगळी मिळून जे सांगत होती ते खरं नव्हतं. लोकही गरिबांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा खूप जास्त धरून चालले होते, आणि ज्यांचा अंदाज असा फुगलेला होता त्यांचा सरकारी मदतीला विरोधही अधिक होता.

आता मराठी बातमीच्या भाषेकडे पुन्हा येऊ, कारण ती माझी रोजची भाषा आहे आणि तिच्या खोडी मला ठाऊक आहेत. ‘रात्री उशिरा एकटी घरी परतत असताना तरुणीवर अत्याचार.’ यातलं ‘असताना’ ऐका. गुन्हेगारही त्याच रात्री, त्याच वेळी, त्याच रस्त्यावर होता. पण उशीर झाला तो तिला, एकटी होती ती. ‘भरधाव ट्रकची धडक, दुचाकीस्वार ठार.’ ट्रक जणू आपणहून धावत होता. चालक किती तास जागा होता, त्या वळणावर दिवा होता का, याआधी तिथे किती जण गेले, यातलं काहीच येत नाही. आणि ‘नापास झाल्याने आत्महत्या’. एका जीवाच्या जाण्याला इतकं सोपं, एका ओळीचं कारण आपण देतो, आणि त्याच परीक्षेला बसलेली शेकडो मुलं ते वाचतात.

याबाबतीत व्हिएन्ना शहराची गोष्ट सांगायलाच हवी. तिथे १९७८ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रुळांवर उडी घेऊन जीव देण्याच्या घटना वाढल्या, आणि वर्तमानपत्रं त्या रंगवून, ठळकपणे छापत होती. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या तिथल्या तज्ज्ञांनी १९८७ च्या मध्यावर पत्रकारांसमोर काही सूचना ठेवल्या. पहिल्या पानावर नको, मथळ्यात तो शब्द नको, छायाचित्र नको, कृतीचे तपशील नकोत, एकच एक कारण चिकटवू नका. वर्तमानपत्रांनी ऐकलं. त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीच्या तुलनेत दुसऱ्या सहामाहीत भुयारी रेल्वेतल्या अशा घटना सुमारे तीन चतुर्थांशानं घटल्या आणि पुढेही कमीच राहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं नंतर जगभरच्या पत्रकारांसाठी अशाच सूचना काढल्या. संकटातून बाहेर पडलेल्या माणसांच्या हकिगती द्या, मदत कुठे मिळेल ते सांगा, हेही त्यात आहे.

कुणी म्हणेल, मग लपवायचं का? अजिबात नाही. व्हिएन्नातल्या त्या सूचनांमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कशी सांगायची, याबद्दलची आहे. शब्द बदलले, जागा बदलली आणि माणसं वाचली. माझ्या व्यवसायाबद्दल याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही. एवढी ताकद हाती असताना घाईचं कारण सांगणं मला आता जमत नाही.

तुम्ही ऐकणारे आहात, वाचणारे आहात. बहुतेक जण मोबाइलवर फक्त मथळा बघतात आणि तोच पुढे पाठवतात, म्हणजे मथळा हीच पूर्ण बातमी झाली आहे. पाठवण्यापूर्वी ती ‘णारा’ची युक्ती करून बघा. मारणारा कोण, बुडवणारा कोण, रस्ता बांधणारा कोण? उत्तर सापडलं नाही, तर त्या वृत्तपत्राला, त्या वाहिनीला कळवा. अशा पत्रांची दखल घेतली जाते. मी त्या टेबलावर बसलेलो आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. एक फोन मला इतकी वर्षं पुरला आहे.

त्या आईचा फोन आला त्या रात्री पुढची बातमी आली होती. आरोपीला न्यायालयात हजर केलं होतं. मी मथळा लिहिला: ‘नकारानंतर चार महिने पाठलाग करणाऱ्या तरुणाचा मुलीवर हल्ला’. दोन कॉलमांत तो मावत नव्हता. मुख्य उपसंपादकांनी लाल पेन उचललं, ‘चार महिने’वर टेकवलं, माझ्याकडे पाहिलं. मी दुपारच्या फोनबद्दल सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, टाइप चार पॉइंटांनी लहान करायला सांगितला आणि पान सोडलं.