वळिवड्याचं रिकामं ताट

नमस्कार श्रोतेहो.

लग्नाचा बस्ता बांधायला आपण कोल्हापूरकर गांधीनगरला जातो. फाळणीत उखडून आलेल्या सिंधी कुटुंबांनी ते गाव वसवलं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्यांच्याही आधी, 1943 ते 1948 या काळात, तिथे वळिवड्याची छावणी होती. पोलंडचे सुमारे पाच हजार लोक तिथल्या बराकींत राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं.

सोव्हिएत सत्तेने 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून ही कुटुंबं उचलली आणि सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. सुटल्यावर ती इराणमार्गे इकडे आली. वाटेत कुणाची आई गेली होती. कुणाचा बाप युद्धावर, तर कुणाचा बाप कुठे आहे याचा पत्ताच नाही.

अशा पोरांना छावणीने शाळा दिली आणि चर्च दिलं. दोन्हींमध्ये फारशी भिंत नव्हतीच म्हणा ना. पोलिश भाषा, इतिहास, धर्मशिक्षण, जोडीला स्काऊट. शिकवणाऱ्या अनेकजणी स्वतःच त्या वाटेने आलेल्या. आता कुणी म्हणेल, आधीच पोळलेल्या पोरांवर धर्माचं ओझं कशाला? रास्त प्रश्न आहे. पण ज्या मुलाचं घर रात्रीतून सुटलं, त्याला उद्या काय होणार हे माहीत असणं हाच मोठा आधार असतो. रविवारी प्रार्थना होणार. डिसेंबरात नाताळ येणार, मग पंचगंगेकाठी बर्फ पडो न पडो.

त्या नाताळचीच एक गोष्ट सांगतो. आदल्या संध्याकाळी पोलिश घरात जेवायला बसताना एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. जे आज सोबत नाहीत, त्यांचीही आठवण त्या ताटाशी निघते. आपण पितृपंधरवड्यात पान वाढतो, पण ते गेलेल्यांसाठी. ज्याचा बाप गेला की आहे हेच कळलेलं नाही, त्या पोराने काय करावं? श्राद्ध घालता येत नाही, आणि वाट पाहतोय असं सारखं बोलताही येत नाही.

त्याच्यासाठी ते ताट होतं. कुणी काही विचारायचं नाही. सगळ्यांबरोबर जेवायचं, आणि ती जागा रिकामी ठेवायची.