जुनी एमएम ५४० घरच्या शेडमध्ये नव्यानं उभी करायचीय? मग रंगाचं नाव आत्ताच काढू नका

नमस्कार मंडळी. मागं उभी आहे ती महिंद्रा एमएम ५४०, नव्वदच्या दशकातली, आणि ती ह्या पत्र्याच्या शेडमध्येच नव्यानं उभी राहणार आहे, गॅरेजला जाणार नाही. बरेच जण मेसेज करून विचारतात की दादा जीप घेतलीय, घरीच करायचीय, आणि दुसऱ्याच वाक्यात विचारतात ऑलिव्ह ग्रीन मॅट चांगला का ग्लॉसी. रंगाचं सोडा हो. रंग हे शेवटचं काम. आज सांगणार आहे ते फक्त कामाचा क्रम, कारण घरच्या शेडमध्ये जीप अडकते ती पैशापेक्षा चुकीच्या क्रमामुळं.

पहिलं म्हणजे सगळी गाडी एकदम मोकळी करू नका. व्हिडिओत बघायला भारी वाटतं, बॉडी वर उचलली, चेसिस म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा उघडा, सगळे पार्ट फरशीवर मांडलेत. पण त्यांच्याकडं चार माणसं आणि मोठी जागा असते, तुमच्याकडं रविवार असतो. ऑनलाइन विक्रीला लागलेल्या जीपा बघा, "प्रोजेक्ट, सगळे पार्ट आहेत, वेळेअभावी विकणे" असं लिहिलेल्या. खोक्यात भरलेली गाडी कोण घेणार आणि घेतली तर कुठला बोल्ट कुठला हे कोण सांगणार. म्हणून एक भाग उघडायचा, पूर्ण करायचा, बसवायचा, मग पुढचा. गाडी शेडमधून स्वतःच्या चाकावर बाहेर येत राहिली पाहिजे.

आता हीच गाडी घरी का करता येते ते पटकन सांगतो. महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला अमेरिकन विलीज कंपनीच्या जीपा जोडायला सुरुवात केली. पुढं विलीजची १९५३ ची सीजे ३बी आली, उंच बॉनेटवाली, आणि ते बॉनेट उंच का तर आतलं हरिकेन इंजिन उंच होतं म्हणून. ८० इंची व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. तोच सांगाडा आपल्याकडं कितीतरी वर्षं बनत राहिला. ५४० त्याच घरातली, फक्त लांब, ९१ इंची, आणि पेट्रोलऐवजी प्यूजोचं डिझेल. पुढं-मागं सॉलिड अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यात पाटे म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पाना हातात धरता येणाऱ्याला ती समजते.

पान्यावरनं आठवलं. ह्या गाडीत दोन मापं आहेत. इंजिन फ्रेंच, त्याचे नटबोल्ट मिलिमीटरचे, आणि चेसिस, हाऊसिंग, पाटे ही अमेरिकन वंशावळ, तिथं बऱ्याच जागी इंची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला १३ चा पाना बसतो, बसतो म्हणजे बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून मोकळा होतो. इंची पान्यांचा सेट वेगळा घ्या. पुण्यात असाल तर जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी चक्कर मारा, जुने चांगल्या लोखंडाचे पाने तिथं शोधले तर सापडतात.

बरं, पाना लावायच्या आधी कागद. आरसी हातात घ्या आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा, इंजिन नंबर पण, आणि फ्युएल काय लिहिलंय ते बघा, कारण कितीतरी जुन्या जीपा कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल आहेत. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरटीओत पासिंग, तिथं चेसिस नंबरचा पेन्सिलनं ट्रेस घेतात. म्हणून गंज काढताना त्या नंबरवर ग्राइंडर फिरवायचा नाही, म्हणजे नाही. टेप लावा, ग्रीस लावा, आणि साफ करायचाच तर हातानं, मऊ ब्रशनं. कुणी म्हणालं की चेसिस सडलीय, दुसरी टाकू आणि नंबर मारून घेऊ, तर तिथून उठा. तो गुन्हा आहे. आणि दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल जीपांचं म्हणाल तर तिकडं १० वर्षांवरच्या डिझेलवर कोर्टानं बंदी घातली म्हणून त्या स्वस्त, तेव्हा एनओसी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. व्हिंटेज नोंदणीचं पण विचारतात, ती २०२१ च्या नियमात ५० वर्षांपुढच्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना, ५४० तिथं बसत नाही, विषय संपला.

(कॅमेरा खाली घ्या, चेसिसवर)

आता चेसिस. हातोडी घ्यायची, छोटी, आणि पुढून मागं ठोकत जायचं. चांगलं लोखंड ठणठणतं, सडलेलं धप्प करतं. जास्त लक्ष कुठं द्यायचं तर पाटे चेसिसला धरणारे हँगर, मागचा क्रॉस मेंबर म्हणजे आडवा दांडा, आणि जिथं जिथं चिखल बसून राहतो त्या सगळ्या बेचक्या. कोकणातली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या, खारं वारं आणि चार महिने पाऊस, वरून रंग चकाचक आणि आतून पापुद्रे. हँगर चेसिसपासून सुटायला आलेला असेल तर तो घरी आर्कनं चिकटवून चालवायचा प्रकार करू नका, तिथं गाडीचं सगळं वजन येतं, ते काम स्ट्रक्चरल वेल्डिंग करणाऱ्याकडूनच. बाकी फ्लोअरचा पत्रा, सीटखालचे पॅच, हे घरी होतं. पत्रा १८ गेजचा घ्या, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, आणि सलग ओढू नका, एक टाका इथं, एक तिकडं लांब, मधे गार होऊ द्या, नाहीतर पत्रा फुगतो आणि मग तो पुट्टीनं भरत बसावं लागतं. बॅटरी काढलेली पाहिजे. आणि इंधनाची टाकी! जुन्या सीजेमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, ती काढून शेडच्या बाहेर ठेवायची, आणि रिकामी आहे म्हणून चालतंय हे डोक्यातनं काढा, रिकाम्या टाकीत वाफ असते आणि तीच पेटते.

इंजिनवर जास्त बोलत नाही. एक्सडीपी ४.९०, म्हणजे ४ सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी, ६० च्या आसपास हॉर्सपॉवर, हळू पण टिकाऊ. हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आत गरम करणारे प्लग, चारही चालू आहेत का बघा, सकाळी स्टार्टिंगची निम्मी बोंब तिथंच असते. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळं गरम होऊ देऊ नका, रेडिएटर साफ, थर्मोस्टॅट, होज हे आधी. डिझेलचा पंप आणि नोझल डिझेल लॅबला, म्हणजे तेच काम करणाऱ्या वर्कशॉपला द्या, घरी उघडू नका. झालं.

आणि आता जिथं मला खरं बोलायचंय ते. पुढचा अ‍ॅक्सल. ५० च्या स्पीडला खड्डा लागला की स्टिअरिंग थडथडायला लागतं, पुढची चाकं अशी नाचतात की गाडी थांबवावीच लागते, ज्यानं हे अनुभवलंय त्याला सांगायला नको. लोक काय करतात, स्टिअरिंग डँपर, म्हणजे स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉकअप, नवा टाकतात. दोन महिने बरं वाटतं. डँपर दुखणं झाकतो, काढत नाही.

चाक उचला, घोडीवर म्हणजे लोखंडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. वर आणि खाली धरून हलवा. प्ले म्हणजे ढिलेपणा लागला तर आता घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले गेला तर व्हील बिअरिंग, कारण ब्रेकनं ड्रम आणि मागची प्लेट एक केली. ब्रेक दाबून पण प्ले राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडं वळतं ती पिन. किंगपिनच्या वर-खाली बिअरिंग आणि शिम म्हणजे पातळ चकत्या असतात. शिम काढून पिन आवळता येते, पण बिअरिंगला खड्डे पडले असतील तर आवळून उपयोग नाही, सरळ समोर धरलं की त्याच खड्ड्यात बसतं आणि वळवलं की घट्ट होतं. नवीन बिअरिंग टाका, आणि नकलचं, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याचं, सील पण त्याच वेळी, कारण पाणी आत गेल्यामुळंच ते बिअरिंग गेलेलं असतं. मग टाय रॉड एंड, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचे सांधे, मग पाट्यांच्या शॅकलचे बुश. बुश मिळाला नाही तर आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात जुना बुश घेऊन जायचं, लेथवाला माप घेऊन गनमेटलचा करून देतो, चहा होईपर्यंत थांबायचं. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत ठेवायचं माप, सगळ्यात शेवटी, कारण ढिल्या गाडीचं टो-इन काढण्यात काही अर्थ नाही.

ब्रेक बाजूला ठेवता येत नाहीत. व्हील सिलिंडर आतून गंजले असतील तर घासून रबर बदलण्यापेक्षा नवीनच टाका, महाग नाहीत. जुन्या सीजेमध्ये मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली आणि सर्किट एकच, म्हणजे एका चाकाला गळती झाली की चारही गेले. पाइप हातानं तपासा, चेसिसच्या क्लिपाखाली गंजतात, वरून दिसत नाही. ब्रेक फ्लुइड रंगावर सांडलं तर रंग उचलतं, म्हणून पण रंग शेवटी म्हणतोय.

एक नवीन मंडळींसाठी. फोर व्हील कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकायची नाही. ह्या गाडीला पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरेन्शिअल नाही, वळताना पुढचं आणि मागचं चाक वेगळं अंतर जातं आणि तो ताण सगळा ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर. चिखलात चाक घसरून ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही, आणि मग लिव्हर परत निघत नाही म्हणून हातोडी शोधतात.

हे सगळं झालं, गाडी महिनाभर चालवली, गळती कुठं येते बघितली, मग रंग. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी, कारण पुट्टी ओल धरते आणि खालून गंज फुगवते. आणि पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग घरी मारणार असाल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं, रुमाल बांधून नाही चालत, साधा धुळीचा मास्क पण नाही चालत. बाहेरून हवा देणारा मास्क नसेल तर रंगाचं काम बूथवाल्याला द्या, त्यात कमीपणा काही नाही.

पुढच्या व्हिडिओत हाच डावा नकल उघडणार आहे, शिम कसे मोजायचे ते दाखवतो, तोपर्यंत तुमच्या गाडीचं चाक उचलून ब्रेकवाली टेस्ट करा आणि किंगपिन निघाला का बिअरिंग ते कळवा.