जुन्या जीपचे काय ठेवावे, काय काढावे

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, आज चकचकीत गाड्यांची छायाचित्रे पाहायला मिळतील. तसे काही माझ्याजवळ नाही. निफाड तालुक्यातील आमच्या शेतावर छपराखाली एकोणीस वर्षे उभी असलेली एक जीप मी साडेतीन वर्षांच्या रविवारांत घरच्या घरी पुन्हा चालती केली. त्या कामात मला नट-बोल्टांपेक्षा एकाच प्रश्नाने अधिक छळले, आणि तोच मी आपल्यासमोर मांडणार आहे. जी गाडी चाळीस वर्षे गावच्या मिस्त्रीने, लोहाराने आणि मालकाने मिळेल त्या वस्तूने दुरुस्त करून चालवली, तिच्यातील कोणती दुरुस्ती ठेवायची आणि कोणती काढायची?

प्रथम गाडीविषयी. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी करण्यापासून या धंद्याची सुरुवात झाली, आणि पुढे परवान्याखाली ती गाडी येथेच बनू लागली. आमची जीप सीजे-३बी या नमुन्याची आहे. विलीजने युद्ध संपता संपता, १९४५ मध्येच, जीपचा जो पहिला नागरी नमुना बाजारात आणला, तो मुख्यतः शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून आणला होता. नांगर ओढावा, ट्रेलर ओढावा आणि रविवारी कुटुंबाला घेऊन गावाला जावे, असा त्यामागचा हिशेब. सीजे-३बी अमेरिकेत १९५३ पासून १९६८ पर्यंत बनली. आपल्याकडे तिचे वंशज त्यानंतरही कित्येक वर्षे निघत राहिले.

या नमुन्याचे बोनेट जुन्या लष्करी जीपपेक्षा बरेच उंच दिसते. त्याचे कारण इंजिनात आहे. १३४ घनइंचांच्या, म्हणजे सुमारे २.२ लिटरच्या, या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या झाकणात, आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या धडात, असतात. हेड उंच झाले म्हणून बोनेट उंच करावे लागले. ही रचना ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिनेच माझे दोन महिने खाल्ले.

ही जीप माझ्या थोरल्या काकांनी घेतली. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. कांद्याच्या हंगामात मागे ट्रेलर लावून ती लासलगावच्या बाजारात जायची, आणि एरवी खत, बियाणे, पाइप, आजारी माणूस, वरात, काहीही वाहायची. तिचे स्टिअरिंग डावीकडे आहे. त्या काळच्या बहुतेक जीपचे तसेच असे, आणि मागून येणाऱ्याला कळावे म्हणून मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असे रंगवलेले असे. आमच्या जीपवरची ही अक्षरे कोणा पेंटरने इतक्या मन लावून काढली आहेत की, प्रत्येक अक्षराला त्याने पिवळ्या रंगाची सावली दिली आहे. त्या पत्र्याकडे मी नंतर येतो.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि गावोगावच्या जीपमधील मूळ इंजिने उतरवून त्यांच्या जागी डिझेल इंजिने बसवली जाऊ लागली. आप्पांनी तसे केले नाही. त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हते. गाडी हंगामापुरतीच पळत असल्यामुळे डिझेल इंजिनाचा खर्च वसूल होणार नाही, असे त्यांचे गणित होते. त्या गणितामुळेच मूळ इंजिन माझ्या हाती आले.

ते अडकलेले होते. एकोणीस वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला नवी बॅटरी लावून सेल्फ मारणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महागडा मोह आहे, कारण गंजाने सिलिंडरला चिकटलेल्या रिंगा जोर लावला की तुटतात. चारही प्लग काढून मी त्या भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि तीन आठवडे हात लावला नाही. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून आम्ही दोघे पुतणे तिला पुढे-मागे हलवीत राहिलो. चौथ्या दिवशी फॅनचे पाते बोटभर फिरले.

इंजिन फिरले, पण तिसऱ्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, शून्य. येथे ती रचना आडवी आली. गाडी उभी केली त्या दिवशी या सिलिंडरचा धुराचा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, आणि सायलेन्सरमधून येणारी दमट हवा एकोणीस पावसाळे थेट त्याच्या सीटपर्यंत, म्हणजे तो जेथे टेकून बंद होतो त्या कडेपर्यंत, पोहोचत राहिली. ब्लॉकच्या बाजूची पाटी काढून तो व्हॉल्व्ह सोडवायला मला दोन महिने लागले. जोर लावायचा नाही, रोज थोडे तेल घालायचे आणि हलकेच ठोकायचे, एवढेच काम. त्यानंतर व्हॉल्व्ह घासणे. व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबरी टोपीची काठी वर चिकटवायची आणि ताक घुसळताना रवी दोन्ही हातांत जशी आलटून-पालटून फिरते तशी ती फिरवायची, मधूनमधून उचलून जागा बदलायची. सीटवर सगळीकडून सारख्या रुंदीची, मंद करड्या रंगाची कडी उमटली की थांबावे. कोठे ती कडी तुटलेली दिसली, तर तेथून गॅस निसटणार हे नक्की. वर रॉकेल ओतून ठेवावे. ते खाली झिरपले नाही, तर काम झाले.

गंज काढण्याच्या एका घरगुती रीतीविषयी सांगतो, कारण ती स्वस्त आहे. प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी घ्यावे आणि दर दहा लिटरला दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा टाकावा. बॅटरी चार्जरची ऋण बाजू गंजलेल्या भागाला आणि धन बाजू भंगार लोखंडाच्या तुकड्याला जोडून दोन्ही पाण्यात बुडवावे, मात्र एकमेकांना टेकू देऊ नयेत. रात्रभरात गंजाची काळी साय होते आणि ती तारेच्या ब्रशने निघते. भंगार म्हणून स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. हे काम उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन वायू निघतो. आणि गाडीचे पाटे किंवा कठीण पोलादाचे बोल्ट या पाण्यात घालू नयेत. तो हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो.

आता ब्रेककडे येतो. माझ्या सांगण्याचा गाभा येथेच आहे.

मागच्या डाव्या चाकाचा ड्रम उतरवला तेव्हा आत सर्व काही कोरडे होते. ब्रेकचे लायनर जवळजवळ नवे, आणि व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक दाबणारा चाकातला भाग, मात्र गंजून दगड झालेला. नळी सोडवली, तर तिच्या तोंडातून टपकन एक छर्रा माझ्या तळहातावर पडला. सायकलच्या बेअरिंगमधला असतो तेवढाच, पाव इंची. तो नळीच्या तोंडाशी ठेवून वरून नट आवळलेला होता. म्हणजे त्या चाकाचा ब्रेक कोणीतरी कायमचा बंद केला होता, आणि आमची जीप किती वर्षे कोणास ठाऊक, मागे कांद्याने भरलेला ट्रेलर घेऊन तीन चाकांच्या ब्रेकवर धावत होती.

मला संताप आला. या गाडीतून आम्ही सगळी भावंडे प्रवास करीत होतो. गावातील म्हातारे मिस्त्री आता घरीच असतात. मी तो छर्रा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो चिमटीत धरून उजेडाकडे केला आणि जराही न संकोचता म्हणाले, “हा माझाच. दुसऱ्या दिवशी आप्पांना लिलावाला जायचं होतं आणि सील काही मिळेना. एका चाकातून ऑइल गळलं की चारही चाकांचा ब्रेक जातो, म्हणून मी ते चाकच बंद केलं. म्हटलं, हळू न्या आणि परत आल्यावर गाडी लावा. आप्पा गाडी घेऊन माझ्याकडे परत आलेच नाहीत. ब्रेक लागत होता ना!”

मिस्त्रींचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. त्या काळच्या या ब्रेकमध्ये पेडलने ऑइल ढकलणारा एकच मास्टर सिलिंडर आणि ऑइलला एकच वाट असे; कोठेही गळती झाली की पेडल तळाला जाई. चार चाकांचा ब्रेक जाण्यापेक्षा तीन चाकांचा राहिलेला बरा, हा निर्णय त्या संध्याकाळपुरता शहाणपणाचाच होता. चूक झाली ती त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी. एका रात्रीची सोय कायमची होऊन बसली, आणि चाकाच्या आत असल्यामुळे ती कोणाला दिसलीही नाही. त्या दिवसापासून मी गाडीतील प्रत्येक दुरुस्तीला दोन प्रश्न विचारू लागलो. ही दुरुस्ती डोळ्यांना दिसते का? आणि ती निकामी झाली, तर माणूस मरेल का?

ट्रेलरचा आकडा लोहाराने ओतीव नव्हे, तर घडवलेल्या पोलादाचा करून दिला आहे. घणाच्या खुणा त्यावर मोजता येतात. तो उघड्यावर आहे, त्यावर रोज नजर पडते, आणि तपासून पाहता त्यात चीर आढळली नाही. तो ठेवला. चोकची मूळ मूठ हरवल्यावर सुताराने बाभळीच्या लाकडाची बसवली होती, तीही ठेवली. कॅटलॉगमधली मूठ विकत मिळत असताना ही का ठेवली, असे मला विचारतात, पण आप्पांच्या अंगठ्याने ती एका बाजूला झिजलेली आहे. चालकाच्या पायाखालचा पत्रा मात्र तेलाच्या डब्याचा कापून रिव्हेट केलेला होता आणि त्यावर रंगाऱ्याच्या लांबीचे (पुट्टीचे) तीन थर चढवले होते. लोहचुंबक फिरवून पाहिले, तर वीतभर जागेत कोठेही चिकटेना. तो काढला. पेट्रोलची टाकी या जीपमध्ये चालकाच्या आसनाखाली असते, आणि आमच्या टाकीला साबण व एम-सील लावून गळती थांबवलेली होती. तेथे विचार करण्यासारखे काहीच नव्हते, टाकी बदलली. जुन्या टाकीला घरी वेल्डिंग करायच्या भानगडीत कोणी पडू नये. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. सोबत पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही नवा घातला, कारण आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने फुगते. आमच्या भागातला ऊस अशा रीतीने जीपच्या मुळावर येईल, असे आप्पांना स्वप्नातही वाटले नसते.

माझ्या हातून झालेली चूकही सांगितली पाहिजे. गाडी चालू होण्याआधी तिला सुंदर झालेली पाहण्याची मला घाई झाली, आणि ब्रेकचे काम व्हायच्या आधीच मी पुढचे दोन्ही मडगार्ड रंगवून घेतले. मग ब्रेकमधील हवा काढताना ब्रेक ऑइलचा डबा त्याच मडगार्डवर ठेवला. सकाळी पाहतो, तर डब्याच्या बुडाएवढ्या वर्तुळात रंग पापुद्रे धरून उठलेला. ब्रेक ऑइल रंग खाते हे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवले होते.

रंगाचे सांगायचे तर घासताना आधी हिरवा, मग आकाशी आणि त्याखाली मूळ खाकी असे थर निघाले. मूळ छटा मला डॅशबोर्डच्या मागे, ऊन न पोहोचलेल्या जागी सापडली आणि तीच सगळीकडे दिली. फक्त मागचा, त्या अक्षरांचा पत्रा तसाच सोडला. त्यामुळे मागून पाहणाऱ्याला गाडी अर्धवट रंगवलेली वाटते. लोक तसे बोलूनही दाखवतात. पण ती पिवळी सावली आज कोणी काढून देणार नाही, आणि तिच्यावर खाकी फिरवायला माझा हात धजावला नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. २०२१ पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली आहे. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे आणि ती १० वर्षे चालते. अट अशी की, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते; रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्यांची गाडी शोभेची आहे, त्यांना ही सोय चांगली आहे. आमची जीप कांदा वाहण्यासाठी घेतलेली होती, आणि तिला पुन्हा उभी करून कांदा वाहायला मनाई करून घेणे मला पटेना. म्हणून आम्ही जुनाच क्रमांक ठेवून साध्या नूतनीकरणाची वाट धरली. त्यात फेऱ्या अधिक झाल्या.

मिस्त्रींना मी पहिल्या फेरीला शेजारी बसवले. शिवरस्त्याच्या उतारावर त्यांनी मला न सांगता पाय लांब केला, जणू त्यांच्याही बाजूला ब्रेकचे पेडल असावे. गाडी सरळ रेषेत थांबली. त्यांनी छर्रा परत मागितला; मी तो दिला नाही. तो डॅशबोर्डच्या खणात आहे.

जीप खाली आवारात उभी आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी, आणि सेल्फऐवजी हँडल मारून ती चालू करण्याची हौस असेल त्यांनीही पुढे यावे. फक्त हँडल धरताना अंगठा मुठीभोवती न वळवता बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर मूठ आपोआप सुटते; अंगठा वळलेला असेल, तर तो मोडतो.